‘नाइन टु फाइव्ह’ : एका शब्दप्रयोगाचें मोल

इंग्रजी भाषेंतून आपल्या सुशिक्षित घरांत जे शब्दप्रयोग पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले, त्यांत ‘नाइन टु फाइव्ह’ हा एक ठळक आहे. पदवी हातीं पडलेला मुलगा वडिलांस सांगतो कीं, मला नाइन टु फाइव्ह करावयाचें नाहीं. लग्नाच्या बैठकींत मुलीकडील मंडळी समाधानानें म्हणतात कीं, मुलाचें काम नाइन टु फाइव्ह आहे, दगदग नाहीं. आणि रात्रीं आठ वाजतां घरीं परतलेली सून उसासा टाकून म्हणते कीं, नांवालाच हें नाइन टु फाइव्ह! एकच शब्द, पण पहिल्या तोंडीं तो तिरस्कार होतो, दुसऱ्या तोंडीं शिफारस होतो व तिसऱ्या तोंडीं तक्रार होतो. ज्या शब्दाला इतक्या सहजपणें तीन चेहरे धारण करतां येतात, त्याची एकदां नीट झडती घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

शब्दार्थ पाहूं गेल्यास यांत गूढ असें कांहींच नाहीं. सकाळीं नऊ वाजल्यापासून सायंकाळीं पांच वाजेपर्यंत, एवढाच त्याचा सरळ अर्थ. ‘अमका मनुष्य नाइन टु फाइव्ह काम करतो’ असें इंग्रजींत म्हणतात, तेव्हां तें केवळ काळ दाखविणारें अव्यय असतें. पुढें शब्दांच्या मध्यें जोडरेघा पडतात आणि ‘नाइन-टु-फाइव्ह नोकरी’ असें त्याचें विशेषण होतें. मग नोकरी हा शब्दहि गळतो व उरलेलें विशेषणच नाम होऊन बसतें. इंग्रजी बोलणारा मनुष्य आपल्या नोकरीलाच ‘माझें नाइन टु फाइव्ह’ म्हणतो, आणि ती करणारास ‘नाइन-टु-फाइव्हर’ असें नांव देतो. आंकड्यांचीं नामें होणें आपणांस नवें नाहीं. जमिनीच्या कागदाला आपण सातबारा म्हणतों, तेव्हां गांवनमुना सात व गांवनमुना बारा हे त्यांत एकत्र आले आहेत, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. परंतु सातबाऱ्याला केवळ अर्थ आहे. नाइन टु फाइव्हला अर्थाबरोबर एक मतहि आहे. हें मत कोठून आलें आणि तें कितपत ग्राह्य आहे, एवढाच आमचा येथें प्रश्न आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, हा शब्द घड्याळाचा दिसत असला तरी घड्याळाशीं त्याचें फारसें सख्य नाहीं. नऊपासून पांचपर्यंत आठ तास होतात. त्यांतून जेवणाचा एक तास वजा केला तर सात उरतात, आणि पांच दिवसांचे ३५ होतात. इंग्लंडांतील पुष्कळ कचेऱ्यांचा आठवडा असाच ३५ तासांचा असतो. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्यानें आंखून दिलेल्या क्रमानें १९४० पासून ४० तासांचा आठवडा हें प्रमाण झालें. तेव्हां जेथें जेवणाचा तास हिशेबांत धरीत नाहींत, तेथें मनुष्यास एक तर आठला यावें लागतें, नाहीं तर सहाला जावें लागतें. तरीहि तो आपल्या कामास नाइन टु फाइव्हच म्हणतो. उलट, रुग्णालयांतील परिचारिका बरोबर आठ तासांची रात्रपाळी करते. तिचें काम नियमित असतें, त्यास ठराविक वेतनहि असतें. परंतु त्या कामाला हें नांव कोणी देत नाहीं. यावरून शब्दाचा खरा अर्थ निघतो तो असा: दिवसाचें, खुर्चीवरचें, ठराविक पगाराचें आणि ठराविक वेळीं संपणारें काम. या चार लक्षणांपैकीं शेवटचें सर्वांत महत्त्वाचें, आणि नेमकें तेंच बोलणाराच्या लक्षांतून सुटतें.

ठराविक वेळीं काम संपणें ही गोष्ट जगांत आपोआप आलेली नाहीं. वेल्समध्यें जन्मलेल्या रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकानें १८१७ च्या सुमारास अशी कल्पना मांडली कीं, दिवसाचे तीन सारखे भाग करून एक श्रमाला, एक करमणुकीला व एक विश्रांतीला द्यावा. २१ एप्रिल १८५६ रोजीं मेलबर्न शहरांतील पाथरवटांनीं काम टाकून मिरवणूक काढली आणि वेतन न घटतां आठ तासांचा दिवस पदरांत पाडून घेतला. त्याच्या स्मरणार्थ तेथें १९०३ सालीं उभारलेल्या स्तंभावर तीन आठ ओळीनें झळकत आहेत. १८८६ च्या मे महिन्यांत शिकागो शहरांत याच मागणीपायीं रक्त सांडलें. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें आपला पहिलाच करार केला, तो कारखान्यांत दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांचा. आपल्याकडे कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो १९४६ च्या दुरुस्तीनें. कारकून व मजूर एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. मजूर भल्या पहांटे भोंग्याच्या हाकेला धांवे, कारकून न्याहारी आटोपून सावकाश निघे. तो फरक प्रतिष्ठेचा होता. परंतु मजुरानें झगडून मिळविलेले आठ तास आणि कारकुनाची खुर्ची यांचा विसाव्या शतकांत संयोग झाला, व त्यांतून जो दिवस तयार झाला त्याचें नांव नाइन टु फाइव्ह.

मग अशा कुलीन शब्दाला तुच्छतेचा वास कसा लागला? याचें उत्तर अंशतः वाङ्मयांत सांपडतें. चार्ल्स लँब हा थोर निबंधकार १७९२ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षें, लंडन येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत कारकून होता. निवृत्त झाल्यावर लिहिलेल्या ‘दि सुपरअॅन्युएटेड मॅन’ या निबंधांत त्यानें मेजाला जखडलेल्या आयुष्याचें जें चित्र रेखाटलें, तें पुढच्या वाचकांच्या मनांत ठसलें. त्याच निबंधांतील दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी मनावर घेत नाहीं. सुटका झाल्यावर निवेदक प्रथम हर्षभरित न होतां भांबावून जातो. एका वाराला दुसऱ्यापासून वेगळें करणारी जी खूण कामामुळें मनांत होती, तीच नाहींशी होते. अँथनी ट्रॉलप हा कादंबरीकार १८३४ ते १८६७ पर्यंत पोस्ट खात्यांत नोकरीस होता. पहांटे उठून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासास अडीचशें शब्द या हिशेबानें लिहावें आणि मग दिवसाच्या कामाला लागावें, हा त्याचा परिपाठ. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत हें वाचून पुष्कळ रसिकांची मनें खट्टू झालीं. प्रतिभेनेंहि घड्याळ पाहावें, हें त्यांस हलकें वाटलें. जें नियमित तें निर्जीव, हा जो समज आहे, त्याचा नाइन टु फाइव्हवरील तुच्छतेंत मोठा वांटा आहे, असें आमचें मत आहे. परंतु लँब व ट्रॉलप यांचीं उदाहरणें तो समज खोडून काढणारींच आहेत. दोघेहि नोकरी करून लिहीत राहिले. आणि नोकरी ठराविक वेळीं संपत होती, म्हणूनच लिहूं शकले.

१९८० सालीं या शब्दाच्या वांट्याला एक विलक्षण योग आला. याच शब्दांवर बेतलेलीं दोन गाणीं त्या एकाच वर्षीं इंग्रजींत निघालीं. शीना ईस्टन या स्कॉटिश गायिकेच्या गाण्यांतील स्त्री सकाळच्या गाडीनें कामावर गेलेल्या प्रियकराची घरीं वाट पाहते. नाइन टु फाइव्ह त्याचें, तिचें नव्हे. अमेरिकेच्या डॉली पार्टन यांच्या गाण्यांतील स्त्री स्वतःच कामावर जाते, आणि आपल्या श्रमाचें श्रेय वरिष्ठ लाटतात म्हणून संतापते. घोंटाळा टळावा म्हणून पहिलें गाणें अमेरिकेंत ‘मॉर्निंग ट्रेन’ या नांवानें पुढें करावें लागलें. आणि १९८१ सालीं तेथील लोकप्रियतेच्या यादींत दोन्ही गाणीं पहिल्या स्थानीं पोंचलीं. पार्टन यांचें गाणें ज्या चित्रपटासाठीं होतें त्याचें नांवहि तेंच होतें, आणि त्यामागें बॉस्टन शहरांत १९७३ सालीं कचेरींतील स्त्रियांनीं याच नांवानें उभारलेल्या संघटनेची प्रेरणा होती. चित्रपटांतील तीन स्त्रियांच्या हातीं कचेरीचा कारभार येतो, तेव्हां त्या काय करतात हें पाहण्यासारखें आहे. त्या कामाच्या वेळा सोयीच्या करतात, एक नोकरी दोघांनीं वांटून घेण्याची मुभा देतात आणि मुलांसाठीं पाळणाघर उघडतात. म्हणजे त्यांचा राग वेळापत्रकावर नसून अन्यायावर होता. लोकांनीं गाणें गुणगुणतांना राग तेवढा उचलला, आणि तो नकळत अन्यायावरून वेळापत्रकावर सरकविला.

हें सरकणें निरुपद्रवी असतें, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु या तुच्छतेचा फायदा कोणाला होतो, याचा विचार केला पाहिजे. जो पांचला उठतो त्याला महत्त्वाकांक्षा नाहीं, असें एकदां तरुणांच्या मनावर बिंबलें, म्हणजे त्याला नऊपर्यंत बसविण्यास वेगळी सक्ती करावी लागत नाहीं. चीनमध्यें सकाळीं नऊ ते रात्रीं नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तासांची ‘९९६’ नांवाची पद्धत रूढ झाली होती. २०२१ च्या ऑगस्टमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयास ती बेकायदा असल्याचें सांगावें लागलें. आपल्याकडेहि २०२३ सालीं एका नामांकित उद्योगपतीनें तरुणांस ७० तासांच्या आठवड्याचा, तर २०२५ च्या आरंभीं उघडकीस आलेल्या एका भाषणांत दुसऱ्यानें ९० तासांचा उपदेश केला. आठवड्याच्या सातहि दिवसांवर वांटले तरी ९० तास म्हणजे रोजचे जवळजवळ तेरा होतात. आठ तासांचा दिवस मिळवितांना ज्या युक्तिवादाशीं झगडावें लागलें, तोच हा. फरक इतकाच कीं, तेव्हां तो हुकुमाच्या भाषेंत येई, आतां ध्येयवादाच्या भाषेंत येतो.

यावर कोणी म्हणेल कीं, चाकोरीच्या नोकरींत मन मरतें हें खोटें का आहे? खोटें नाहीं. परंतु आपल्या मराठीनें या बाबतींत इंग्रजीपेक्षां अधिक बारकाई दाखविली आहे. निरस कामाला आपण ‘खर्डेघाशी’ म्हणतों, तें कामाच्या जातीवर बोट ठेवतें. मन न घालतां काम उरकणाराला ‘पाट्या टाकतो’ म्हणतों, तें करणाराच्या वृत्तीवर बोट ठेवतें. आणि कोंकणांतील गांव गणपतीला ज्याची वाट पाहतो, त्या मुंबईच्या नोकरदाराला ‘चाकरमानी’ म्हणतों, त्यांत तर जिव्हाळाच आहे. काम वेळेवर संपतें, हा दोष म्हणून या तिन्ही शब्दांत कोठेंहि सांगितलेला नाहीं. ‘नाइन टु फाइव्ह’ उच्चारतांना आपण या तिन्ही छटा एका पोत्यांत भरतों, आणि ज्याला दोष द्यावयाचा त्याला सोडून घड्याळाला देतों.

शिवाय या शब्दाच्या छायेंत न येणारे लोक किती आहेत, हेंहि पाहावें. पुण्या-मुंबईंतील जीं मुलेंमुली अमेरिकेच्या ग्राहकांसाठीं दूरध्वनीवर बसतात, त्यांस न्यूयॉर्कचें नऊ ते पांच उन्हाळ्यांत सायंकाळच्या साडेसहापासून रात्रीच्या अडीचपर्यंत पडतें, आणि हिंवाळ्यांत त्याहून एक तास उशिरां. दुसऱ्याच्या दिवसासाठीं तीं आपली रात्र देतात. आणि घरांतील गृहिणीला नऊ केव्हां वाजले हें ठाऊक असतें, पण पांच कधींच वाजत नाहींत. तिनें जर नाइन टु फाइव्ह हा शब्द उच्चारला, तर त्यांत तुच्छता असणें शक्यच नाहीं. असलाच तर हेवा असेल.

२०२१ सालीं एका जाहिरातीसाठीं पार्टन यांनीं आपल्याच गाण्याचे शब्द उलटे फिरवून ‘फाइव्ह टु नाइन’ असें गाणें म्हटलें. नोकरी संपल्यावर सायंकाळीं पांच ते रात्रीं नऊ स्वतःचा धंदा काढावा, असा त्याचा आशय. स्वतःच्या आवडीचा उद्योग करण्यास आमची ना नाहीं. परंतु चाळीस वर्षांत त्याच ठेक्यावर जें नवें गाणें आलें, त्यांत विश्रांतीचे तासहि कामाचेच झाले, ही गोष्ट टीकाकारांस खटकली ती योग्यच होय. याच सुमारास उलट दिशेनेंहि पावलें पडत आहेत. कामाच्या वेळेबाहेर कचेरीच्या संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सच्या कायद्यानें २०१७ च्या जानेवारीपासून व ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानें २०२४ च्या ऑगस्टपासून मान्य केला आहे. मेलबर्नच्या पाथरवटांनीं हातोडा खालीं ठेवला कीं त्यांचें काम संपे. आजच्या नोकरदाराचा हातोडा त्याच्या खिशांत वाजत असतो, म्हणून त्याला निराळा कायदा लागतो.

तात्पर्य, हा शब्दप्रयोग आपण खुशाल वापरावा. परंतु त्यांत दोन आंकडे आहेत याचें भान ठेवावें. नऊ हा बांधिलकीचा आंकडा आहे आणि पांच हा मोकळिकीचा. नऊचा कंटाळा येणें मनुष्यस्वभावास धरून आहे. पण त्या कंटाळ्याच्या भरांत जो पांचचीहि थट्टा करतो, तो पुष्कळांनीं पुष्कळ सोसून मिळविलेली आपली संध्याकाळ फुकट देऊन टाकतो. त्या संध्याकाळीं कोणी ग्रंथ लिहील, कोणी मुलाचा अभ्यास घेईल, कोणी नुसता ओसरीवर बसेल. तिचें काय करावें हें सांगण्याचा अधिकार कोणत्याहि कचेरीला नाहीं, आणि शब्दाचें खरें मोल तेवढ्यांतच आहे.