बोधचिन्हाची परिणामकारकता : दोन बँकांच्या चिन्हांच्या संदर्भात

प्रस्तावना :
पाहताक्षणी बोध घडविते ते बोधचिन्ह, अशी या शब्दाची सरळ फोड करता येते. प्रत्यक्षात मात्र अनेक संस्था बोधचिन्हाकडे ओळखीचे साधन म्हणून न पाहता ध्येयधोरणांचे चित्ररूप निवेदन म्हणून पाहतात. एकाच वर्तुळात पुस्तक, पणती, उगवता सूर्य, कणीस, दंतचक्र आणि खाली संस्कृत वचन अशी दाटी त्यातूनच होते. बुलडाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ज्याला अक्षरओळख नाही किंवा बेताची आहे, असा शेतकरी बियाण्याची पिशवी असो वा बँकेचे पासबुक, चिन्हावरूनच ओळखतो. त्याच्यासाठी चिन्ह हेच नाव असते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात दोन बँकांच्या बोधचिन्हांचा विचार केला आहे.

स्टेट बँकेचे वर्तुळ :
भारतीय स्टेट बँकेचे बोधचिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी 1971 मध्ये तयार केले. निळे वर्तुळ, मध्यभागी छोटी मोकळी जागा आणि तिथून खाली उतरणारी चीर, एवढाच त्याचा ऐवज आहे. कोणी त्यात कुलपाचे छिद्र पाहतो, कोणी सामान्य माणूस, तर कोणी अहमदाबादचा कांकरिया तलाव. अर्थांबाबत एकमत नसले तरी ओळखण्यात कोणाचीही चूक होत नाही, हे येथे महत्त्वाचे. 1 एप्रिल 2017 रोजी पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या. शेजारच्या मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादचे जाळे मोठे होते. तिच्या शाखांवरील नाव बदलले. परंतु वर्तुळ आधीपासूनच सामाईक असल्याने खातेदारास ते परके वाटण्याचे कारण उरले नाही. नाव बदलूनही ओळख टिकवणे ही बोधचिन्हाची खरी कसोटी या ठिकाणी पूर्ण होते.

महाराष्ट्र बँकेची दीपमाळ :
1935 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि 1969 मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने दीपमाळ हे चिन्ह स्वीकारले. देवळाच्या प्रांगणातील दगडी दीपमाळ मराठी माणसास नव्याने शिकवावी लागत नाही. एक स्तंभ आणि त्यावर अनेक दिवे ही रचना एक संस्था व तिच्या अनेक शाखा यांच्याशी सहज जुळते. बँकेने मात्र या चिन्हातील इंग्रजी ‘एम’ अक्षरांना पैशाचे संकलन, पद्धतींचे आधुनिकीकरण आणि कर्मचाऱ्यांचे प्रेरण असे तीन अर्थ जोडले आहेत. हे स्पष्टीकरण इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर उभे असल्याने मराठी खातेदारापर्यंत ते पोहोचणे कठीण आहे. चिन्ह यशस्वी ठरते ते दीपमाळेमुळे, अक्षरांमुळे नव्हे. तथापि दीपमाळेची परंपरा महाराष्ट्राबाहेर तितकी परिचित नाही आणि वर्तुळाच्या तुलनेत तिच्यात घटकही अधिक आहेत. त्यामुळे रबरी शिक्क्यावर किंवा मोबाईलच्या पडद्यावर ती वर्तुळाइतकी ठसठशीत राहत नाही, ही मर्यादा नमूद करावी लागते.

चिन्ह आणि विश्वास :
या दोन उदाहरणांतून दोन मार्ग दिसतात. एक मार्ग समाजाच्या स्मृतीत आधीच असलेली प्रतिमा उचलण्याचा. कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी केलेले गांधीजींच्या चष्म्याचे चिन्हही याच मार्गाचे आहे. दुसरा मार्ग साधा, जवळजवळ अर्थरिक्त आकार घेऊन तो वर्षानुवर्षे न बदलता वापरण्याचा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. चिन्ह विश्वास निर्माण करीत नाही. संस्थेने आचरणातून मिळविलेला विश्वास ते साठवून ठेवते. म्हणूनच नामांकित चिन्हाची नक्कल करून फसवणूक होऊ शकते आणि तिचा पहिला बळी वाचता न येणारा ग्राहक ठरतो. व्यापारचिन्ह अधिनियम 1999 नुसार नोंदणीकृत चिन्हास संरक्षण मिळते. मात्र ज्या चिन्हात इतरांहून वेगळे असे काहीच नाही, त्याचे रक्षण कायद्यालाही अवघड जाते.

समारोप :
स्थानिक पतसंस्था, उत्पादक कंपन्या आणि महाविद्यालये यांनी बोधचिन्ह निवडताना पुढील प्रश्न विचारणे हिताचे ठरेल. एकदा पाहिलेले चिन्ह शाळकरी मूल पाटीवर आठवणीने काढू शकेल काय? एकाच रंगात, नखाएवढ्या आकारात ते टिकेल काय? शेजारच्या संस्थेच्या चिन्हापासून ते वेगळे ओळखता येईल काय? स्पष्टीकरणाचा कागद बाजूला ठेवल्यावर त्यात काय उरते? बुलडाणा जिल्ह्यात अशा प्रतिमांची वाण नाही. उल्काघाताने बेसाल्ट खडकात घडलेले लोणारचे जवळपास वर्तुळाकार सरोवर हे त्याचे ठळक उदाहरण. प्रतिमा उपलब्ध आहेत. गरज आहे ती अनावश्यक ते वगळण्याच्या धैर्याची आणि जे उरेल त्यास साजेशा प्रामाणिक व्यवहाराची.