पेटीवाल्याची बैठक

वाद्याला दोषी ठरवून त्याला बंदी करण्याचा मान जगात फार थोड्या सरकारी खात्यांना लाभला असेल. आपल्या रेडिओखात्याने तो १९४० साली मिळवला. पेटीचे स्वर पट्ट्यांना जखडलेले. तिला मींड घेता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, हा आरोप. आरोप खराच होता. परंतु शिक्षा झाली ती वाद्याला; बेसूर गाणारे मोकळेच राहिले! ‘मानापमाना’च्या (१९११) पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक, ही साक्षही कामी आली नाही. हुकूम सैल झाला तो १९७१ साली. फायलींचा वेग जाणणाऱ्या आमच्या वाचकांना ह्या एकतीस वर्षांचे नवल वाटू नये.

ह्याच मुदतीत, १९५५ साली, पु. ल. देशपांडे त्या खात्यात रुजू झाले. हाडाचा पेटीवादक, आणि पेटीला मज्जाव असलेली कचेरी! ह्या योगायोगावर हसून सारे पुढे जातात. आम्हांस मात्र वाटते, की पुलंच्या विनोदाचे मर्म ह्या पेटीतच आहे.

पेटीवाला मैफलीत किंचित बाजूला बसतो. गवयाची तान कोठे वळणार हे ओळखून त्याने पाऊलभर मागून जायचे, आणि गवई श्वास घेईल तेवढ्यात जागा भरून काढायची. ‘व्यक्ति आणि वल्ली’ (१९६२) उघडून पाहावे. नारायण लग्नघरात धावतो, चितळे मास्तर शिकवतात. लेखक बाजूला बसून स्वर धरतो. गडकऱ्यांच्या ‘बाळकरामा’त लेखणी स्वतःच गवई होते, येथे ती साथीला असते.

पण वाद्याचा गुण घेतला की दोषही पदरात पडतो. हसण्याची पट्टी सुटली की पुलंचे बोट पुष्कळदा थेट गहिवराच्या पट्टीवर जाते. माणूस आवडतोही आणि खुपतोही, ह्या दोहोंमधली मींड क्वचितच ऐकू येते. अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यात मात्र कडवटपणा आणि माया एकमेकांत सरकत जातात. म्हणूनच ते चित्र आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटते.

खात्याने पेटीचा दोष अचूक हेरला होता. तो दोष सांभाळूनही जाणता वादक गाणे उभे करतो, ह्याची नोंद करायला मात्र फायलीत रकाना नव्हता. टीकाकाराने आपल्या वहीत तो ठेवावा.