माणभट्टाचे आख्यान आणि आपण श्रोते

सतराव्या शतकातील बडोद्याचा कवी प्रेमानंद आपण छापील ‘नळाख्याना’वरून पारखतो; ही पारख अपुरी आहे. हे आख्यान माणभट्टाने गावयाचे असते. माण म्हणजे निमुळत्या तोंडाचा तांब्याचा घडा. बोटांत अंगठ्या घालून गायक त्यावर ताल धरतो. मुखबंध, ढाळ व वलण हे कडव्याचे तीन भाग. वलण झालेली कथा आवरून पुढील कडव्याकडे नेते. पुस्तकात ती पुनरुक्ती भासते. गायनात मात्र तोच कथेचा सांधा ठरतो. कीर्तनकार अखेरीस मूळ अभंगाकडे कसा वळतो, हे जाणणाऱ्या मराठी श्रोत्यास याचे मर्म सहज कळेल.

१८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि बडोद्यात शास्त्रोक्त संगीतास राजाश्रय लाभला. आख्यानाची भिस्त मात्र श्रोत्यांवरच राहिली. धार्मिकलाल पंड्या यांनी ही परंपरा आपल्या काळापर्यंत आणली. तथापि उत्सवात दहा मिनिटांचा नमुना मांडणे म्हणजे आश्रय नव्हे. सलग कडवी ऐकल्यावाचून वलणाचे कार्य उमगत नाही. म्हणून अध्यापकांनी माणभट्टास पाचारण करावे, आख्यान पूर्ण ऐकावे आणि योग्य बिदागी द्यावी. प्रेमानंदाविषयीचा अभिप्राय त्यानंतर द्यावा.