पपईचं झाड आणि परक्यांची भाषा

व्हिएतनाममधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाची कादंबरी सिल्वासात बसून आपण कशाला वाचायची? थान्हा लाय यांची ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ हाती घेतली की हा प्रश्न उरत नाही. २०११ सालचं हे इंग्रजी पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं, मुक्तछंदातल्या छोट्या कवितांतून सांगितलेलं. त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. माझ्या मते मात्र ते आयांनी आधी वाचावं.

गोष्ट १९७५ ते १९७६ अशा एका वर्षाची. नायिका दहा वर्षांची. तिचं नाव ‘हा’. मराठीत घोटाळा नको म्हणून मी तिला नुसतं पोर म्हणते. वडील नौदलात होते, नऊ वर्षांपासून बेपत्ता. सायगाव पडायच्या बेतात असताना आई तीन मुलगे आणि ही धाकटी यांना घेऊन जहाजावर चढते, आणि छावण्यांमधून शेवटी अलाबामात पोचते. नववर्षाच्या पहाटे घरातल्या पुरुषाचं पाऊल आधी जमिनीला लागलं तर भाग्य उजळतं, अशी तिथली समजूत. ही पोर सगळ्यांच्या आधी उठून गुपचूप आपला अंगठा टेकवते. तिथेच मला ती आवडली!

देश सुटला हे दुःख पुस्तकात आहेच. त्याहून मोठं दुःख आहे हुशार माणूस ‘ढ’ ठरण्याचं. ही मुलगी अपूर्णांक शिकलेली. पण अलाबामाच्या वर्गात तिने एबीसीडी आणि वीसपर्यंत आकडे म्हटले की बाई टाळ्या वाजवायला लावतात. कौतुक करायला गेल्या आणि अपमान करून बसल्या. पोरीला संताप येतो, पण तो सांगायलाही भाषा नाही. लग्नानंतर पहिले सहा महिने मी इथल्या बाजारात बोट दाखवून भाजी घेतली आहे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला ‘बिचारीला बोलता येत नाही’ असं म्हटल्यावर काय वाटतं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दुसरा विषय धर्माचा. शेजारी घरावर अंडी फेकतात, वीट मारतात. मग सगळं कुटुंब चर्चमध्ये जातं, बाप्तिस्मा घेतं, आणि लोक जरा गोड बोलू लागतात. आई घरी आपले बौद्ध मंत्र म्हणतच राहते. इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. त्या काळात त्या भांडल्या, रडल्या, आणि शेवटी स्वतःच्या विचाराने गेल्या. या आईला तशी सवडच मिळत नाही. मुलांना शांत झोप मिळावी म्हणून ती पाण्यात उतरते. मुलगी परगावी निघाली की आपल्यात आधी विचारतात, ‘तिकडे जिनमंदिर आहे का?’ मंदिर नसेल तर माणूस काय करतो, त्याचं उत्तर ही आई देते: जे आत आहे ते आत सांभाळतो.

तिसरा विषय पपईचा. घरामागचं लाडकं झाड निघण्याआधी भावाने तोडलेलं. अलाबामात मिसेस वॉशिंग्टन नावाच्या शेजारीण-शिक्षिका वाळवलेली, साखर लावलेली पपई भेट देतात. त्यांचा मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, तरीही त्या या मुलीला शिकवतात. पोर ती पपई कचऱ्यात टाकते. आई साखर धुऊन तुकडे रात्रभर ओलसर ठेवते. चव तीच नाही, पण वाईटही नाही. परक्या गावातल्या संसाराचं सगळं सार मला या एका वाटीत दिसतं.

आता तक्रार. आई सतत मुलीच्या नजरेतूनच दिसते. अंगठीतला जांभळा खडा शिवणाच्या कारखान्यात हरवतो, आणि नवरा आता नाही हे ती मान्य करते. खोलीचं दार लावून घेते, पण लेखिका त्या दाराआड जात नाही. मुलांसाठीचं पुस्तक म्हणून ते समजू शकतं. तरी वाचणाऱ्या बाईचा जीव तिथेच अडकतो. वर्षाच्या शेवटी सगळं जरा लवकर सावरतं, तेही खटकतं.

आपल्याकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत हजार पुरुषांमागे ७७४ बायका होत्या. मसाट, पिपरियाच्या कारखान्यांत कामाला एकटे आलेले पुरुष हे त्याचं मोठं कारण. त्यांच्यामागून ओडिशा, बिहारहून ज्या आल्या, त्यांची हिंदी अडखळते, आणि समोरचे जणू त्या बहिऱ्याच आहेत असा आवाज चढवतात. त्यांच्यातली एखादी गावी शाळेत पहिली आलेली असेल. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी अशी कुणी दारात आली तर भाव करण्याआधी तिचं गाव विचारा, आणि तिच्या परसात कोणतं झाड होतं तेही.