भीतीचा उतारा

जपानमध्ये टीव्ही नवा आला तेव्हा लोक त्याला ‘विजेवरची कामिशिबाई’ म्हणत. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक. 1930 च्या सुमाराला तोक्योच्या गल्ल्यांतून गोष्ट सांगणारा माणूस सायकलवर यायचा, लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटून मुलं गोळा करायचा, त्यांना गोळ्या-मिठाई विकायचा आणि मग सायकलच्या मागं बांधलेल्या चौकटीत एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. पुढं टीव्हीनं त्याचं पोट मारलं. गंमत अशी, की 2013 च्या जुलैत त्याच टीव्हीनं ही चौकट परत उचलली आणि ‘यामिशिबाई’ नावाची भयकथांची मालिका सुरू केली. ‘यामी’ म्हणजे अंधार. पहिल्या खेपेला तेरा भाग, एकेक भाग जेमतेम चार-पाच मिनिटांचा. तेव्हापासून दहाहून जास्त खेपा झाल्या.

चित्रं मुद्दाम अडखळत हलतात. कागदातून कापून काढलेली माणसं, मळकट रंग, चेहऱ्यावर एखादाच बदल. भुताचं रूप सगळं दाखवायची घाई नाही. पहिल्याच भागात एक तरुण भाड्याच्या नव्या खोलीत राहायला येतो. खोलीत मंतरलेला कागद चिकटवलेला असतो आणि समोरच्या इमारतीतून एक बाई टक लावून बघत असते. एवढ्या सामानावर पूर्ण गोष्ट उभी राहते. दुसऱ्या एका गोष्टीत कामावरून थकून परतणारा माणूस लोकलमध्ये सामानाच्या फळीकडं बघतो, बस्स. घर, लोकल, लिफ्ट या रोजच्या जागा. आपण रोज शिरतो तिथंच भीती बसवायची, हे कसब या मालिकेला साधलंय, यात वाद नाही.

माझा वाद पुढं आहे. जपानी शहरी दंतकथा मूळ ज्या रूपात तोंडोतोंडी फिरल्या, त्या रूपात त्यांच्यासोबत अनेकदा एक उतारा असायचा. ‘फाटक्या तोंडाची बाई’ घ्या. 1978 च्या शेवटाला गिफू भागात ही आवई उठली आणि 1979 मध्ये देशभर पसरली. तोंडावर मास्क लावलेली बाई एकट्या मुलाला गाठते, मी सुंदर आहे का विचारते आणि मास्क काढते, तर तोंड कानापर्यंत फाटलेलं. काही शाळांनी मुलांना गटागटानं घरी पाठवलं, इतकी ती आवई खरी झाली. पण मुलांनीच त्याच गोष्टीत उपायही घातले होते. ‘ठीकठाक’ असं मोघम उत्तर द्यायचं, म्हणजे ती गोंधळते. ‘पोमेड, पोमेड’ म्हणायचं, कारण केसांच्या त्या तेलकट मलमाचा वास तिला सहन होत नाही. नाहीतर साखरेची पिवळी वडी फेकायची आणि पळायचं. बघा, हे उपाय कुणा पुजाऱ्यानं दिलेले नाहीत. संध्याकाळी शिकवणीहून एकटं येणाऱ्या पोरांनी आपले आपण तयार केले. भीती मोठ्यांच्या जगानं दिली, वडी पोरांनी खिशात ठेवली.

‘आठ फुटी बाई’ म्हणावी अशी ‘हाश्शाकुसामा’ची गोष्ट तर 2008 ची, म्हणजे अगदी अलीकडची. आजोळी आलेल्या मुलाला कुंपणावरून डोकं दिसेल एवढी उंच बाई दिसते. घरचे त्याला खोलीत बंद करतात, कोपऱ्यांत मीठ ठेवतात, सकाळपर्यंत कुणी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही म्हणून बजावतात. रात्री आजोबांच्याच आवाजात हाक येते. सकाळी नात्यातले पुरुष गाडीत त्याच्या चारी बाजूंनी बसतात आणि त्याला गावाबाहेर काढतात. मला त्या बाईपेक्षा ही गाडी जास्त लक्षात राहिली. सगळं गणगोत एका पोराभोवती अंगाची भिंत करून बसलंय!

यामिशिबाईत ही गाडी क्वचितच येते. तिथं माणूस एकटा सापडतो आणि गोष्ट तिथंच बंद होते. मंतरलेला कागद, जो रक्षणाचा, तोच तिथं भीतीचा होतो.

आमच्या बसदीत नि मंदिरांत लहानपणापासून बघितलेलं एक चित्र इथं आठवणं भागच आहे: मधुबिंदू. रानहत्ती मागं लागलेला माणूस विहिरीवरच्या फांदीला लोंबकळतोय, काळा आणि पांढरा उंदीर ती फांदी कुरतडतायत, खाली अजगर आणि साप, अंगावर माश्या, आणि वरून पडणाऱ्या मधाच्या थेंबासाठी त्यानं तोंड उघडलंय. एका चित्रातली पूर्ण भयकथाच ही. पण त्याच चित्राच्या वरच्या कोपऱ्यात विद्याधराचं विमान असतं. चल म्हणून तो बोलावतोय. हा म्हणतो, एक थेंब आणखी. म्हणजे चित्रकारानं भीती पुरेपूर काढली आणि वाटही काढली.

तरी एक गोष्ट यामिशिबाईच्या बाजूनं सांगायलाच हवी. मधुबिंदूतला माणूस मधाच्या लोभानं मरतो, दोष त्याचा आहे. खोली भाड्यानं घेणाऱ्या पोराचा काय दोष? काहीच नाही. आमच्याकडं कुणाच्या घरात अघटित घडलं की दारातच बाया कुजबुजतात, ‘काय पाप केलं होतं कोण जाणे!’ तरुण मूल गेलेल्या आईच्या कानावर हे पडतं. कर्माचा सिद्धान्त स्वतःकडं बघायला आहे, शेजारणीच्या घरात डोकवायला नाही, हे आपण किती सोयीनं विसरतो! अशा वेळी, काही कारण नसताना माणसावर घाला येतो, असं सरळ सांगणारी गोष्ट मला जास्त दयाळू वाटते. ती निदान न्याय करायला बसत नाही.

म्हणून माझी तक्रार कारण न देण्याबद्दल नाहीच. कारण नको, पण सोबत हवी. जुना गोष्टवाला समोर उभा असायचा. पोरांचे चेहरे बघून आवाज चढवायचा, उतरवायचा, आणि ऐन रंगात ‘उरलेलं उद्या’ म्हणून चौकट मिटायचा. उद्या आहे, हेच केवढं आश्वासन! मुलांच्या गालांत गोळी असायची आणि खांद्याला खांदा. यामिशिबाईच्या पहिल्या खेपेतही संध्याकाळी पाचला बागेत पिवळा मुखवटा घातलेला गोष्टवाला येतो, पोरांना बोलावतो. पण त्याचा चेहरा दिसत नाही आणि तो कुणाकडं बघतही नाही. मालिकेनं चौकट घेतली, माणूस मागंच राहिला. ती रात्री एकट्यानं, फोनच्या उजेडात बघितली जाते. एक भाग संपला की दुसरा आपोआप लागतो, थांब म्हणणारं कुणी नाही.

कलाकृती म्हणून पहिल्या खेपेचे बरेच भाग मी चांगलेच म्हणेन. नव्या भयकथाकारांनी त्यातून कमी दाखवणं जरूर शिकावं. पण घरातल्या पोरांनी बघायचं म्हटलं तर मी शेजारी बसेन, दोन भागांनंतर बंद करेन आणि विचारेन, तू तिथं असतास तर काय केलं असतंस? तो जे सांगेल, वडी, मीठ, तेल, काहीही, तोच मालिकेनं गाळलेला भाग.