हौस आणि हिकमत

फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ हा २००८ सालचा माहितीपट पाहतांना हसूं न येणारा प्रेक्षक विरळाच. परंतु तें हसूं कशाचें, याचा विचार रसिकांनीं अवश्य करावा. एरंडोलहून धुळ्यामार्गें गेल्यास लागणाऱ्या या यंत्रमागांच्या गांवीं शेख नासिर व त्यांचे सोबती हौसेखातर चित्रपट काढीत. त्यांतल्याच एका चित्रपटाची ही जन्मकथा होय.

नायकाला आकाशांत उडवावयाचें, पण जवळ पैसा नाहीं. तेव्हां हिरव्या कापडापुढें त्याचें चित्रण करावयाचें, व संगणकाकडून तेवढा हिरवा रंग पुसवून त्या जागीं आकाश बसवावयाचें. कॅमेरा सरकविण्यास रूळ नाहींत, तर सायकल आहे! ही तडजोड खरी, पण अडाण्याची नव्हे. यंत्र कां चालतें हें ज्याला उमगलें, त्यालाच त्याचा एखादा भाग बदलून तें चालवितां येतें. जुनी मोटार किंवा संगणक घरीं जुळवीत बसणाऱ्या हौशी माणसाची विद्याही हीच.

ही विद्या माहितीपटांत कीव न करतां दाखविली आहे, हा त्याचा मोठा गुण. मात्र कॅमेरा पाण्यांत पडण्यासारखे फजितीचे प्रसंग मनांत इतके ठसतात कीं, हिकमत मागें पडून गंमतच पुढें येते. हा दोष आम्हांस जाणवला. नायक झालेले शफीक शेख हे यंत्रमाग कामगार. ते पुढें कर्करोगानें वारले. हें ठाऊक असतां त्यांचें तें उड्डाण पाहिलें, म्हणजे हसूं ओठांवरच थांबतें. गरिबांचें कौतुक म्हणून नव्हे, तर कारागिरीचा दाखला म्हणून वाचकांनीं हा माहितीपट सहकुटुंब पाहावा.