‘शून्य उत्सर्जन’ : एका संज्ञेची चिकित्सा

विद्युत्-वाहनास ‘शून्य उत्सर्जना’चे वाहन म्हणण्याचा प्रघात पडला आहे, 2018 पासून भारतात त्यास हिरवी क्रमांकपट्टीही लाभली. ही संज्ञा रस्त्यापुरती यथार्थ आहे. विजेच्या उगमाविषयी मात्र ती मौन पाळते. देशातील सुमारे पाऊण वीज कोळशापासून निर्माण होते व प्रत्येक युनिटमागे सरासरी 0.7 किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. शंभर किलोमीटरांस 15 युनिटे घेणाऱ्या मोटारीच्या वाट्यास असा साडेदहा किलोग्रॅम वायू येतो. तेवढ्याच अंतरास साडेपाच लिटर पेट्रोल जाळणारी मोटार साडेबारा किलोग्रॅम सोडते. लाभ आहे, परंतु उत्सर्जन शून्य नव्हे. पुण्याच्या रस्त्यावरील धूर हटतो, हे खरेच. तथापि त्याचा भार अंशतः चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी सरकतो. तेथील रहिवाशांनी या स्वच्छतेचे मोल का द्यावे, या प्रश्नास उपर्युक्त संज्ञेत स्थानच नाही. तोच विद्युत्घट कोयनेच्या जलविद्युतेवर वा दुपारच्या सौरविजेवर भरला, तर हिशेब पालटतो. सारांश, वाहनाची शुद्धता वीजकेंद्रातच सिद्ध व्हावयाची आहे. तोवर ‘शून्य’ हा शब्द योजताना संयम राखणेच उचित होय.